हात वर करणारी वकीलबाई

"आपलं नाही!" असं ती म्हणे अन् दोन्ही हात वर करे. पिच्चरमधी पोलिसानं बंदूक रोखल्यावर चोर करते ना, तसे. खुर्ची मांगं सरकवे, तोंड खिडकीकडं फिरवे. अन् तिचा आवाज आयकला का हॉलमधल्या सगळ्या पोरींचे हात वर.

मी पयल्यांदा हे पाह्यलं तवा माह्या हातात चहाचा ट्रे होता. मले वाटलं, मांगून कोणी दरोडेखोर घुसला. मी बी हात वर केले. ट्रे हातातच हाय, हे मले हात वर गेल्यावर आठवलं. चहा पयले माह्या डोक्यावर, मंग फरशीवर, अन् उरलासुरला एका पोरीच्या ओढणीवर. दरोडेखोर काही दिसला नाही. वकीलबाई तशीच हात वर ठिवून म्हणे, "मामा, तुमाले नाही म्हणलं मी."

सारं गाव तिले वकीलबाई म्हणे, मी तोंडावर ताई म्हणो. आमच्या धामणगाव बढेचीच पोरगी. पुण्याले वकिली शिकली, तिथंच एका कंपनीत नोकरी केली. बाप गेला, माय एकटी पडली, म्हणून वापस आली. येताना काम बी सोबत घेऊन आली. बापानं बांधलेल्या इमारतीत खाली खताचं दुकान, वर हॉल. त्या हॉलमधी तिनं कॉम्प्युटर लावले अन् कॉलेज करून घरी बसलेल्या पोरी बसवल्या. जिन्याखाली माही चहाची टपरी. म्हणजे अमेरिकेच्या अन् माह्या मधात एक जिनाच होता.

अमेरिका काऊन म्हणलं, ते सांगतो. तिकडं दोन कंपन्या कोर्टात भांडल्या का जजसाहेब म्हणतेत, दोघीबी आपापले कागद काढा. आता त्यांचे कागद म्हणजे ई-मेल, लाखानं. तिकडचे वकील ते सारं वाचत बसले तर कंपनीच विका लागन. म्हणून वाचाचं काम पुण्याच्या कंपनीले, अन् तिथून थोडंसं आमच्या धामणगावले. पोरी एक-एक मेल वाचतेत अन् खूण करतेत. हा खटल्याचा, हा जेवणाच्या सुट्टीचा, हा दाखवाचा, हा नाही दाखवाचा. निकाल लावाचा नाही, नुसतं निवडाचं. तूर निवडतो तसं.

माह्या डोक्यात काही घुसत नव्हतं, तवा तिनं मले जिन्यात बसून समजावलं. "मामा, वाटणीच्या दिवशी दोघा भावाले घरातले भांडे आंगणात आणून ठेवा लागतेत का नाही? तसंच हाय हे. पण तुमी तुमच्या वकिलापाशी बसून जे बोलले, ते भांडं नाही. ते समोरच्यानं पाहाचं नसते. कधी चुकून तिकडचं असं बोलणं आपल्या कॉम्प्युटरवर येते. एकीले आलं तर दुसरीले बी आलं असन. म्हणून दिसलं का सगळ्यांनी हात वर, अन् वरच्या साहेबाले कळवाचं."

"चूक त्यांनी केली तरी?"

"चूक त्यांची, अन् कागद बी त्यांचाच."

"मंग हातच काऊन? डोळे झाकले तर नाही चालत का?"

"डोळे फटीतून पाह्यतेत मामा. हात वर गेले का माऊस सुटते."

आता असल्या गुपिताच्या जागेची चाबी तिनं कोणाले द्यावी? मले! अन् पोरींचे मोबाईल ठिवाचा लाकडी डब्बा बी मलेच. गावात माहं नाव भोंगा. सकाळी एखादी गोष्ट माह्या कानात पडली का दुपारपर्यंत बसस्टँडवर पोचते. लोकं तिले म्हणे, "वकीलबाई, साऱ्या गावात हाच भेटला का?" ती हासे. "मामाच्या पोटात काही राहत नाही, हे खरं हाय. पण आमचं काही त्यांच्या पोटात जाऊच शकत नाही ना."

कारण मी दुसरीतून शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनंच मले सोडलं. मास्तर माह्या बापाले म्हणे, हा राह्यला तर मी जातो. सही करतो मी, पण ती मले वाचता येत नाही, अन् बँकेले बी नाही.

वर काय चालते हे कोणी सांगे ना, म्हणून मीच एक गोष्ट बनवली. सांगून देलं का अमेरिकेच्या पोराईचे परीक्षेचे पेपर तपासून राह्यले. आठवडा नाही झाला तं पिंपळगाव राजा गावचा एक माणूस पेढे घेऊन जिन्यात हाजर. त्याच्या मेव्हण्याचा पोरगा तिकडं शिकत होता. "बाई, तेवढं पास करून टाका." वकीलबाईनं त्याले पाणी देलं, चहा देला, पेढे वापस देले. तो गेल्यावर माह्याकडं पाह्यलं. रागावली नाही. नुसती म्हणे, "मामा, त्या पोराचा रोल नंबर तरी घेऊन ठिवा लागत होता."

एक डाव एक पोरगी रडत खाली आली. मले वाटलं, बाईनं झापलं. मी वर गेलो भांडाले. पाह्यतो तं बाईचे डोळे बी लाल. तिकडच्या कोण्या माणसाचं काही घरचं दुखणं त्या मेलमधी होतं, एवढंच मले कळलं. पोरीले ती सांगून राह्यली होती, "हे खटल्याचं नाही. म्हणून खूण कर अन् सोड. त्या माणसानं हे आपल्यासाठी नव्हतं लिहिलं." काय लिहिलं होतं, म्हणून मी आठवडाभर त्या पोरीच्या मांगं लागलो. बिस्किटाचा पुडा फुकट देला. पुडा खाल्ला तिनं, सांगतलं काही नाही.

असं बरं चाललं होतं. पण त्या हॉलवर खटला होता. तिचा चुलता म्हणे, वरचा मजला माह्या हिश्श्याचा. तालुक्याच्या, मोताळ्याच्या कोर्टात तारखा चालू. हॉल गेला तर कॉम्प्युटर कुठं बी ठिवता आले असते, पण पोरी कुठं बी आल्या नसत्या. मायबाप त्यांना इथं धाडत कारण वकीलबाईची माय दिवसभर जिन्याच्या तोंडाशी बसलेली राहे. सूप घेऊन बसे अन् येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाले असं पाहे का आपले काही खडे निघतीन म्हणून माणूस भिऊन जाय. दोन पोरींचे तं लग्नच यासाठी थांबले होते का, पोरगी कामावर हाय, थोडं थांबू.

अन् एका बाजाराच्या दिवशी, चुलता अन् त्याचा वकील माह्या टपरीवर चहा पिऊन गेले. गाडी गेली, धूळ बसली, अन् पाह्यतो तं बाकावर वकिलाची फाईल.

मले वाचता येत नाही, पण बाकावर नशीब पडलं हाय एवढं ओळखू येते. मी ती गमछ्यात गुंडाळली अन् जिन्यानं अशा ऐटीत वर गेलो का जसा काही मीच खटला जिंकून आलो. हॉलच्या बाजूच्या खोलीत मायलेकी जेवून राह्यल्या होत्या. भाकर अन् मिरचीचा ठेचा.

"ताई, पाह्य काय आणलं! चुलत्याच्या वकिलाची फाईल. देवानंच बाकावर ठिवली."

तिच्या हातातली भाकर ताटात पडली. दोन्ही हात वर. "मामा, आपलं नाही."

"अवं आपलंच तं हाय! तुह्याच हॉलचं हाय!"

"उघडली का कोणी?"

"मी उघडून काय करू? मले तं सरळी का उलटी, हे बी समजलं नाही."

तिची माय हात धुवून पुढं सरकली. "पोरी, एक डाव पाहून घे. अमेरिकेचं अमेरिकेत. हे तुह्या बापाच्या घामाचं हाय."

"माय, मंग उद्या पोरींले हात वर करा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"हॉल गेल्यावर पोरी राहतीन तं सांगशीन ना!"

मायचं खोटं नव्हतं, हे तिले बी समजत होतं. पण हात काही खाली आले नाही. बोटाले ठेचा लागलेला, डोळ्यातून पाणी. ठेच्याचं का कशाचं, मी इचारलं नाही. मंग म्हणे, "माय, तू बी हात वर कर."

"मी काय केलं?"

"तुहा हात गमछ्याच्या गाठीवर गेला."

माय बडबडत बडबडत हात वर करून बसली. मी बी कराले गेलो, तं बाई वरडली, "मामा, तुमी नका करू, फाईल पडन!"

मंग तिनं मले खताच्या दुकानात नेलं. दुकानदारासमोर फाईल सुतळीनं चारी बाजूनं बांधली. म्हणे, "मामा, तुमीच न्या. मी नेली तर वाचून आणली म्हणतीन. तुमी वाचली असं जगात कोणी म्हणू शकत नाही." जिंदगीभर लोकं मले अडाणी म्हणत आले. त्या दिवशी पयल्यांदा मले अडाणीपणावर काम भेटलं. मी धुतलेली टोपी घातली अन् मोताळ्याच्या बसमधी बसलो. फाईल मांडीवर. तिकिट काढाले बी सोडली नाही, कंडक्टरनंच माह्या खिशातून पैसे काढले.

वकिलाचं तोंड उतरलेलं होतं. तवापासून शोधून राह्यला असन. सुतळी पाह्यली, मले पाह्यलं.

"कोणी वाचली?"

"साहेब, मले येत नाही, अन् तिले वाचाची नव्हती."

"वकीलबाईच्या हाती लागली होती? अन् तिनं वापस धाडली?"

"हाती नाही लागली. हात वर होते तिचे."

त्यानं सुतळीची गाठ चाचपून पाह्यली. मले चहा पाजला. लय बेकार चहा होता, पण मी म्हणलं, मस्त हाय.

अन् तुमाले वाटन, मंग देवानं न्याय केला. नाही केला. हॉल चुलत्याचा झाला. गाव म्हणे, फाईल पाह्यली असती तर डाव पालटला असता. पालटला असता का नाही, कोणाले मालूम? त्यात काय होतं हे ना तिले माहीत, ना मले. पण मायनं लेकीसंग बोलणं बंद केलं. भाकर वाढे, पण ताट सरकवून दे. वकीलबाई जेवे अन् खाली बसून आपल्या हातानं कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळे. पोरी जिन्यात उभ्या राहत.

हॉल खाली कराच्या दिवशी मी मांगच्या गल्लीत तिच्या घरी गेलो, तं माय समोरच्या खोलीतून आपली बाज ओढून राह्यली होती. पिठाचा डब्बा, गोधड्या, सारं सैपाकघरात.

"काय पाह्यतो बे भोंग्या? त्या मशिनी आण इथं. मी चुलीपाशी झोपीन."

"मावशी, तुमी तं बोलत नव्हत्या ना?"

"तुह्यासंग बोलून राह्यली. तिच्यासंग कुठं?"

पुण्याहून एक साहेब नवी जागा पाहाले आला. कुलूप पाह्यलं, कॅमेरे पाह्यले. आत जाऊ लागला तं माय दारात आडवी. "मोठा असशीन तू, बापा. पण फोन डब्ब्यात." साहेबानं गुमान फोन देला. माय या कामात नवीन, घाईत तिनं तो पिठाच्या डब्ब्यात टाकला. साहेब फोन झटकत गेला, पण जागा पास करून गेला.

काही महिन्यानं एक पोरगी दारात उभी राह्यली. वकिली शिकलेली. "बाबांनी पाठवलं," म्हणे. बाबा कोण? तोच, सुतळीवाला! खटला जिंकलेल्या माणसानं आपली पोरगी हारलेलीच्या हाताखाली शिकाले धाडली होती. मी चहाचे गिलास घेऊन तिथंच उभा राह्यलो. छाती अशी फुगली का सदऱ्याचं बटन गेलं. तसं ते पयलेच ढिलं होतं.

आता वकीलबाई इथं नाही. पुण्याच्या कंपनीनं तिले नव्या पोरापोरींले शिकवाले नेलं. इथलं काम ती वकिलाची पोरगी पाह्यते, अन् तिचा बी आवाज चांगला खणखणीत हाय. वकीलबाईची खिडकीजवळची खुर्ची मातर कोणी वापरत नाही. मी तिच्यावर गिलास ठिवला होता एक डाव, तं पोरींनी मले बाहेर काढलं.

परवाची गोष्ट. माय माह्या टपरीवर बसली होती. पोस्टमन नवा. आडनाव सारखं पाहून त्यानं एक लांब पाकीट तिच्या हातात देलं अन् सायकल हाणली. कोर्टाचं होतं. माय चष्मा लावून नाव वाचू लागली. मी पाह्यलं, चुलत्याचं नाव वाचल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. पाकिटाचं तोंड अर्धं उघडलेलंच होतं. ज्यानं आपला हॉल नेला, त्याच्या दारात आता कोर्टाचं काय आलं, नुसतं बोट घालाचा उशीर.

पाकीट तिनं बाकावर ठिवलं. अन् भर बाजारात दोन्ही हात वर केले. बांगड्या खळखळत कोपरापर्यंत आल्या.

"आपलं नाही," म्हणे. "भोंग्या, सुतळी आण."

मी बी हात वर केले. पण आधी केटली खाली ठिवली. एवढ्या वर्षात तेवढं तं शिकलोच मी वकीलबाईपासून.