देवापुढची किल्ली

संयोगितावहिनींच्या घरातलं उणंदुणं कधी गल्लीपर्यंत पोचलं नाही. दूध नासलं तरी पातेलं घासून होईपर्यंत त्या खिडकी लावून घेत. मुलगा धैर्यशील बारावीला नापास झाला, तेव्हा त्याला कावीळ झाल्यामुळं पेपर बुडाले हे त्यांनी इतकं बेमालूम सांगितलं, की शेजारच्या आक्काताई त्याच्यासाठी रोज उसाचा रस आणून देत राहिल्या. धैर्यशील तो निमूट पीत राहिला.

त्यात नवरा गणपतराव. साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी म्हणून उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर गेट सुटलं, रुबाब राहिला. गल्लीत बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या आल्या, विजेवर उघडणारी शटरं आली आणि त्यांना परत काम मिळालं. रविवारी सकाळी कट्ट्यावर त्यांचा वर्गच भरे.

"ही किल्ली मुकी नसती," ते सांगत. "सारखी गाडीसंगं बोलत असती. चोर भिंतीला यंत्र लावून तिचं बोलणं उचलतोय आणि गाडीपतूर न्हेतोय. गाडीला वाटतंय, मालक आला. म्हणून किल्ली पत्र्याच्या डब्यात टाकायची, झाकण घट्ट, आणि भिंतीपास्नं लांब."

शटर बसवणारा सगळीकडं रिमोटचा एकच नंबर घालून जातो, तो आधी बदला, असंही ते बजावत. अर्ध्या गल्लीच्या शटरांचे नंबर त्यांनी स्वतः बदलून दिले होते.

घरचं शटर तेवढं आज-उद्या करत राहिलं होतं. आणि घरच्या गाडीची किल्लीही डब्यात नव्हती.

गाडी घेतल्यावर ती पहिल्यांदा जोतिबाला नेली होती. गुरवानं किल्ली देवाच्या पायाला लावून, गुलाल टाकून हातात दिली. तेव्हापासून सांजवात झाली की वहिनी ती देवघरात जोतिबाच्या चांदीच्या टाकापुढं ठेवत. गणपतरावांनी घट्ट झाकणाचा डबा आणून दिला, तर वहिनींनी विचारलं, देवाच्या वस्तूला झाकण घालू व्हय? त्यांनी डबा ओट्यावर ठेवून दिला. गुलाल त्यांच्याही कपाळाला लागला होता. डब्यात वहिनींनी भडंग भरलं. कुरकुरीत राहायचं.

देवघराच्या भिंतीपलीकडं गॅरेज होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

आक्काताईंनी एकदा किल्लीचं विचारलं होतं. त्यांचा मुलगा सम्राट भाड्यानं गाडी चालवायचा. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा करून आणायचा. घर त्या गाडीवरच चालायचं. वहिनी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, आमची देवापुढं असते, त्याच्याहून मोठा राखणदार कुठला? त्या दिवसापासून आक्काताईंची किल्लीही देवघरात गेली.

मग एका सकाळी वहिनी सडा टाकायला बाहेर आल्या, तर शटर वर आणि गॅरेज रिकामं. गणपतराव बनियनवरच धावत आले. पहिल्यांदा त्यांनी बटण दाबून शटर खाली घेतलं.

रिक्षा करून ते ठाण्यात तक्रार देऊन आले. साध्या कपड्यांत या, अशी पोलिसांना विनंती केली. घरी येऊन म्हणाले, "कुणी इचारलं तर धैर्यशीलनं पुण्याला न्हेली म्हण."

वहिनींनी तसं सांगितलं, वर सून पोटुशी असल्याची, दवाखान्याला हेलपाटे पडतात म्हणून गाडी लागत असल्याची भरही घातली. आक्काताई "बरं झालं" म्हणाल्या, पण जरा जास्तच वेळ वहिनींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

सांजवात करताना टाकापुढची मोकळी जागा वहिनींना बघवेना. शेजारी सम्राटची गाडी आल्याचा आवाज झाला की त्या भिंतीकडं बघायच्या. आता किल्ली देवघरात गेली असेल. आपणच शिकवलेलं. एक वाक्य पुरेसं होतं. पण ते बोललं की पुण्याची गाडी, पोटुशी सून, सगळंच उघडं पडणार. तुम्ही तरी कट्ट्यावर सांगा, असं त्यांनी नवऱ्याला विनवलं. रविवारी गणपतरावांचा गुडघा दुखू लागला आणि वर्ग भरलाच नाही.

शेवटी एका दुपारी भडंगाचा डबा घेऊन वहिनी आक्काताईंकडं गेल्या. आक्काताई सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, धैर्यशील सांगत होता, हल्ली किल्ली देवघरात ठेवू नये म्हणे.

"तुमीच सांगितलं हुतं की ठेवायला," आक्काताई मान वर न करता म्हणाल्या.

वहिनींनी डबा खाली ठेवला. "आक्का, आमची गाडी पुण्याला न्हाय. चोरीला गेली. किल्ली देवापुढं होती."

आक्काताईंच्या हातातला लसूण थांबलासुद्धा नाही. त्यांनी कोनाड्याकडं बोट केलं. तिथं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, वरून दोरी आवळलेला.

"पोलिस त्याच दिशी आलते आमचा क्यामेरा बघायला. तवाच टाकली डब्यात."

"मग बोलला न्हाईसा?"

"तुमी सांगताय का, ते बघत हुतो, वैनी."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर वहिनींना उत्तर सुचलं असतं. काविळीच्या वेळच्या रसाचे पेले त्यांना आठवले. तेव्हाही या बाईला माहीत असेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आक्काताईंनी चहा टाकला. भडंग ताटात ओतून घेतलं, डबा विसळून पुसला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात मूठभर साखर घातली. गल्लीतून घरी येताना वहिनींनी सवयीनं डब्यावर पदर ओढला. मग काढून घेतला.

गणपतरावांनी झाकण उघडून बघितलं. साखर कशापायी, म्हणाले.

"त्यांना पहिल्या दिवशीच कळलंय," वहिनी म्हणाल्या. "बहुतेक सगळ्यांनाच."

गणपतरावांनी झाकण परत लावलं. घट्ट बसलंय का, ते अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बघत राहिले.