घड्याळजींची अर्ध्या सेकंदाची लबाडी

घड्याळजींना पाण्याची भीती वाटायची. घड्याळात शिरलेलं पाणी त्यांनी जन्मभर काढलं, पण स्वतः कधी गुडघ्याच्या वर भिजले नाहीत. आंघोळही बादलीशी भांडण असल्यासारखी आटपत. अशा माणसाच्या पोटी पोहणारी मुलगी आली. घरात तिला बेडकी म्हणत, आणि शंभर मीटरमध्ये बेडकी अख्ख्या तलावाला भारी होती.

तेरा वर्षांची होईपर्यंत दर दोन महिन्यांनी तिची वेळ उतरायची. घड्याळजी ती दुकानाच्या फळीवर खडूने लिहीत आणि सेल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला, त्याने न विचारताच, ऐकवत. मग एका वर्षात बेडकी साडेतीन इंच वाढली. पाळी सुरू झाली, कंबर रुंदावली, हातपाय कुणाकडून उसने आणल्यासारखे लांबले. आणि वेळ एक मिनिट नऊ सेकंदांवर जी बसली, ती अकरा महिने उठायचं नाव घेईना.

"शरीर नवं झालंय तिचं," पोहणं शिकवणाऱ्या मॅडमनी समजावलं. "जरा सवय होऊ द्या. तोवर वेळ विचारू नका. पाणी कसं होतं विचारा, भूक लागली का विचारा."

घड्याळजींनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी विचारलं, "किती आली?"

"साडेनऊ."

"परवा याच्यापेक्षा बरं होतं. लक्ष कुठंय तुझं?"

बेडकी दप्तर आपटून आत गेली. असं रोजच चाललं. शेवटी तिने आईला सांगून टाकलं, "या महिन्याच्या चाचणीत वेळ उतरली नाही तर मी पोहणं सोडणार." आईने ते घड्याळजींच्या कानावर घातलं, वर "तुमच्या त्या 'किती आली'नेच पोर बुडवलीत" असंही सुनावलं. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं.

नेमकं त्याच आठवड्यात मॅडमनी आपलं स्टॉपवॉच तेलपाणी करायला आणून दिलं. जुनं, चावीचं, दुसऱ्या कशावर मॅडमचा विश्वास नव्हता. अशा घड्याळाच्या पोटात एक चिमुकली दांडी असते. इकडे सरकवली की घड्याळ पळतं, तिकडे सरकवली की रेंगाळतं. तीस वर्षांत घड्याळजींनी एकही घड्याळ जाणूनबुजून चुकीचं बाहेर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, देवाचं नाव घेतलं आणि दांडी रेंगाळण्याच्या बाजूला ढकलली. मिनिटामागे अर्धा सेकंद. पोरीसाठी एवढं चालतं, असं स्वतःला बजावलं.

चाचणीच्या सकाळी बेडकी पोहली आणि मॅडमनी ओरडून सांगितलं, "एक मिनिट साडेआठ!" अकरा महिन्यांनी पोरगी हसली. घड्याळजींनी शेजारच्या अनोळखी बाईंना टाळी दिली.

मग पुढची मुलगी पोहली. तिचीही वेळ उतरली. मग सर्दीने नाक वाहणारा पोरगा, त्याचीही. एकापाठोपाठ एक, चौदाच्या चौदा पोरांनी आपापले विक्रम मोडले. पालक मिठ्या मारू लागले. ते बघून तलावावरच्या जाडजूड जीवरक्षकालाही हुरूप आला. त्याने उडी मारली आणि गेल्या वर्षीच्या स्वतःला हरवलं. घड्याळजींना घाम फुटला. घड्याळ एकट्या बेडकीचं नाही, सगळ्या तलावाचं आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"आज तलावच आखूड झालाय की काय?" मॅडम घड्याळजींकडे रोखून बघत म्हणाल्या.

बेडकी निथळत आली. तिने मॅडमच्या हातातलं घड्याळ घेऊन कानाला लावलं. पाळण्यात टिकटिक ऐकत झोपलेली पोर ती.

"बाबा, हे रेंगाळतंय. तू केलंस ना?"

"थोडंसंच," घड्याळजी म्हणाले.

"मला खरंच वाटलं, मी जोरात पोहले." तिचे डोळे भरले. घड्याळजींना आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. कुठे तोंड लपवावं ते कळेना.

पण बेडकी बापाची लेक होती. डोळे पुसून म्हणाली, "शर्ट काढ."

"काय?"

"उथळ पाण्यात एक आडवी फेरी. वेळ मी मोजते."

मॅडमनी खरी चाचणी आठवड्याने ठेवली आणि जीवरक्षकाची जास्तीची चड्डी हसत हसत पुढे केली. घड्याळजींनी ती नाडीने तीनदा आवळली, तरंगत्या फळकुटाला मिठी मारली आणि जीव मुठीत धरून बारा मीटर पार केले. चार मिनिटं. दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्या दिवशी चार. नाकात पाणी, पाय भलतीकडे, हात ऐकेनात, आणि काठावरून रोज आवाज, "किती आली, बाबा?" पाचव्या दिवशी चार मिनिटं दहा सेकंद आली.

"काल याच्यापेक्षा बरं होतं," बेडकी गंभीरपणे म्हणाली. "लक्ष कुठंय तुझं?"

ओठांवर आलेलं उत्तर घड्याळजींनी पाण्याबरोबर गिळलं. त्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी आधी फळीवरचा खडू पुसला.

खऱ्या चाचणीत घड्याळ बरोबर चाललं आणि बेडकीची वेळ एक मिनिट नऊ सेकंदच आली. ती हळूहळू पायऱ्या चढून वर आली. घड्याळजी टॉवेल धरून उभे होते. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"भूक लागलीय का?"

बेडकी टॉवेल ओढून घेऊन डोकं खसाखसा पुसत म्हणाली, "खूप. आणि उद्या पाचला उठव. तुझी चड्डी वाळत घाल आत्ताच, नाहीतर कारण सांगशील."