भरिताच्या पंगतीला दोन रंग

डिस्क्रीट मॅथ्समध्ये मी दुसऱ्यांदा आपटले तेव्हा पप्पा म्हणाले, "देवपूरची भाड्याची खोली सोड अन् चोपड्याला घरी ये. हे ठिपके-रेघांचं गणित शिकून कोणाचं भलं झालंय?" मला असला राग आला! म्हटलं, भलं करून दाखवते. तेही लगेच पैजेवर आले. रविवारी शेतात भरीत पार्टी, सगळं खानदान येणार. भांडण न होता सगळ्यांना जेवायला बसवून दाखव. जमलं तर परीक्षेचा फॉर्म भर, नाहीतर कॉलेज बंद.

आमच्या खानदानात अबोल्यांना तोटा नाही. पप्पा आणि धाकटे काका तर विहिरीच्या मोटरवरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी वहीत प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढला आणि ज्यांचं पटत नाही त्यांच्यामध्ये रेघ ओढली. रेघेच्या दोन टोकांना एकच रंग द्यायचा नाही, एवढाच नियम. तिघांचं आपसात वाकडं असतं तर तिसरा रंग लागला असता. पण आमच्याकडे भांडणंसुद्धा जोडीजोडीनं, त्यामुळे लाल आणि निळ्यातच काम फत्ते! लाल माणसं एका पंगतीत, निळी दुसरीत.

वांगी भाजून, ठेचून झाली, केळीची पानं मांडली. मी ऐटीत एकेकाला जागा दाखवली. सगळे बसले आणि मग माझी चूक माझ्या लक्षात आली. अहो, पंगती समोरासमोर असतात! ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, त्यांना मी नेमकं तोंडासमोर बसवलं होतं.

कोणी मान वर करेना. "भरीत मस्त शे," आजोबा म्हणाले. तेवढ्यात पप्पांना जोरात ठसका लागला. समोरून काकांनी पाण्याचा तांब्या सरकवला आणि न राहवून बोलले, "एवढ्या मिरच्या टाकायला कोणी सांगितलं होतं?"

"तू मोटर दिली असतीस तर वांगी तरी गोड निघाली असती!" पप्पा ठसकतच ओरडले.

झालं! मोटर, बांध, कोणाच्या लग्नात कोणाला टोपी मिळाली नाही, सगळं निघालं. हातात भाकरी घेऊन दोघं तासभर भांडले. बाकीच्या जोड्याही मागे राहिल्या नाहीत.

पैज हरले म्हणून घरी येऊन मी रडत रडत खोलीच्या मालकांना फोन लावायला घेतला. पप्पा दारात उभे, घसा पार बसलेला.

"फॉर्म भर," ते म्हणाले.

"पण भांडण झालं ना."

"चार वर्षांनी झालं," पप्पा म्हणाले. "परत नापास झालीस तरी भर."