पंचफुलाबाईनं केलेलं रफू

आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत इटलीला जाऊन आलेली एकच बाई आहे, आणि ती परत आल्यापासून माणसं तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठमोठ्यानं बोलतात. पंचफुला बारापात्रे तिचं नाव. ती बहिरी नाही आणि डोक्यानं तर माझ्यापेक्षा शाबूत आहे. पण हे मी कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला गळ्याची शपथ घातली आहे. लिहायचं नाही असं ती काही म्हणाली नव्हती. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, शपथेतली फट मला बरोबर सापडते.

पंचफुला उमरेडच्या कोष्ट्यांची लेक. लग्न होऊन टिमकीत वसंतरावांच्या हातमागावर आली. मागाला लावलेल्या ताण्याचा उभा धागा तुटला की तो सांधायचं काम तिच्याकडे. सासऱ्याची शिस्त कडक होती. तुटलेला धागा दिसला की आधी तो सांधायचा, मगच ताटावर बसायचं. घरात कुणी आजारी असो की पाहुणा दारात उभा असो, नियम मोडायचा नाही. पुढे माग बंद पडले. वसंतराव इतवारीत गुलाबचंद शेठच्या दुकानात गिरणीच्या साड्या उलगडून दाखवायच्या कामाला लागले, आणि हिनं त्याच दुकानाचं रफू घरी आणलं. नव्या साडीला खिळा लागून भोक पडलं की साडी हिच्याकडे यायची. शेठ मग ती साडी बायकांपुढे टाकून म्हणायचे, "कुठं फाटली होती ते दाखवा, साडी फुकट घेऊन जा." त्या दुकानातून एकही साडी फुकट गेली नाही.

वसंतराव गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगा अभिजीत इंजिनिअर होऊन मिलानला गेला, तिथंच नोकरीला लागला. पंचफुला एकटी राहिली. आमच्या गल्लीतले वामनराव बंद घरात मरून पडले होते आणि दोन दिवस कुणाला कळलं नव्हतं, तेव्हापासून तिनं या गोष्टीचा धसका घेतला. तिला एकच हवं होतं, मुलाजवळ राहायचं. मागच्या वर्षी अभिजीतनं तिला तीन महिन्यांसाठी बोलावलं. सून दामिनी फोनवर म्हणाली होती, "बघू, आईंना इथं जमतं का. जमलं तर कायमचं करू." वाईट नाही ती पोरगी. पण त्या 'बघू'नं पंचफुलाची झोप उडाली. परीक्षेला बसायचं आणि पेपर कोणत्या विषयाचा ते माहीत नाही, अशी तिची गत झाली. तिनं कुंड्या मला दिल्या, भांडी भाचीला दिली, आणि विमानतळावर मला म्हणाली, "मी आता परत नाही येत वं जया. आली तर समजून घे, नापास झाली."

दोन महिने निभावले. नोव्हेंबरात अभिजीतच्या कंपनीनं सगळ्यांना घरच्या माणसासह समुद्राकाठच्या एका हॉटेलात दोन दिवस नेलं. दामिनीला सुटी मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी आई गेली. हॉटेल एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं, राजेरजवाडे उतरायचे तसलं. संगमरवरी जिने, छताला रंगवलेली चित्रं, लिफ्टच्या दाराशी हातमोजे घातलेला माणूस. ही सांगते, न्हाणीघर आपल्या दोन खोल्यांएवढं होतं. बाहेर समुद्र मात्र राखाडी होता, सारखं धुकं, आणि हंगाम नसल्यामुळे लांबलचक व्हरांड्यांत चिटपाखरू नाही. एवढ्या थाटाच्या जागी तिला पहिल्या दिवसापासून मसणात आल्यासारखं वाटलं. गादी इतकी मऊ की ती खालीच चादर अंथरून झोपली, आणि सकाळी कुणाला कळू नये म्हणून स्वतःच पलंग चुरगळून ठेवला.

त्या सकाळी अभिजीत खाली मीटिंगला गेला. नाश्ता खोलीत ठेवला होता. ही खायला बसली आणि समोर खिडकीचा पडदा दिसला. जड रेशीम, मळलेल्या सोन्याच्या रंगाचं, वेलबुट्टी विणलेली. तिनं जवळ जाऊन पाहिलं. तो हातमागाचा होता आणि जागोजागी विरला होता. एके ठिकाणी तर ताण्याचे धागे तुटून नखाएवढं भोक पडलेलं. पडद्याशेजारी पितळी पाटी होती. हॉटेल उघडलं तेव्हाचं हे कापड आहे, हात लावू नये, असं तिच्यावर लिहिलेलं. हिला ते वाचता येत नव्हतं. अभिजीतला येत होतं, पण त्यानं कधी पाटीकडे पाहिलं नाही.

आता दुसरी कोणी असती तर ब्रेड खाऊन मोकळी झाली असती. हिच्या घशाखाली घास उतरेना. पिशवीत सुई होतीच. पडद्याच्या खालच्या दुमडीतून तिनं त्याच रेशमाचे चार धागे काढले आणि दीड तास उभं राहून ते भोक विणून बंद केलं. शेवटचा धागा तोडला आणि सफाईवाली आत आली. हिच्या एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात एकशे चाळीस वर्षं जपलेला पडदा. सफाईवाली किंचाळली नाही, नुसती मागच्या पावली गेली आणि मॅनेजरला घेऊन आली.

मग अभिजीत आला. त्याच्या मागून त्याचा साहेब आला. मॅनेजर हळू आवाजात बोलत होता, त्यामुळे ते जास्तच गंभीर वाटत होतं. अभिजीतच्या कपाळावर घाम आला होता. ही हात जोडून सांगत होती, "मी खराब नाही केलं गा, सांधलं फक्त. त्यायले सांग ना." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. साहेबाकडे वळून तो काहीतरी बोलला आणि डोक्याच्या बाजूला बोट लावून त्यानं एक शब्द उच्चारला, "अल्झायमर."

भाषा येत नसली तरी हा शब्द तिला येत होता. शेवटची तीन वर्षं वामनरावांना तोच आजार होता. चौकातून त्यांचा हात धरून त्यांना घरी तिनंच कितीदा आणलं होतं.

शब्द ऐकून सगळ्यांचे चेहरेच बदलले. मॅनेजरनं खुर्ची पुढे केली. साहेबानं अभिजीतच्या खांद्यावर हात ठेवला. जुन्या कापडांची देखभाल करणारी चष्मेवाली बाई आली, तिनं भिंग लावून अख्खा पडदा पाहिला आणि तिला रफू सापडलं नाही. पन्नास ठिकाणी विरलेलं कापड, त्यात भरलेली जागा कोणती? ते उसवणं भाग होतं म्हणे, जुन्यात नवं काम ठेवायचं नाही असा त्यांचा नियम. तिनं हिचा हात हातात घेतला आणि अभिजीतला विचारायला सांगितलं.

"आई, कुठं सांधलं ते दाखव ना," अभिजीत म्हणाला.

हिला ती जागा डोळे मिटून दाखवता आली असती. पण दारात साहेब उभा होता. नेमकं बोट ठेवलं असतं, तर मुलगा सगळ्यांदेखत खोटा पडला असता. तिनं एका जागी बोट ठेवलं. बाईनं भिंगातून पाहून मान हलवली. मग दुसरीकडे ठेवलं. मग हात मांडीत घेतला आणि ती समुद्राकडे पाहत बसली. बाई फार मायेनं तिच्या गालाला हात लावून गेली. ते रफू अजून त्या पडद्यात आहे.

इथवर मी तिला शाबासकी दिली असती. आई आहे, केलं मुलासाठी. पण पुढचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अभिजीतनं खोटं बोलून वेळ मारून नेली होती. आईला स्वतःचं काम सापडत नाही, हे मात्र त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जी बाई इतवारीतल्या अख्ख्या बाजाराला हार गेली नाही, ती दोनदा चुकली. तो हादरला. मिलानला पोचल्यावर दामिनी म्हणाली, "आपण दोघंही दिवसभर बाहेर. गॅस सुरू राहिला तर?" तीन आठवड्यांत तो आईला नंदनवनात परत घेऊन आला. अभिजीतनं रुख्माबाई नावाची बाई दिवसरात्र ठेवली, शेगडीला कुलूप लावलं आणि सुया, कात्री उचलून नेली. इथल्या डॉक्टरनं घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर हिनं काटेच काढले नाहीत. मी तिथंच होते. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आता तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो. "आई, आज कोणता वार?" असं विचारतो. बरोबर सांगितलं की "शाब्बास" म्हणतो. ती चारातून एकदा चुकते, ठरवून.

परवा मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा फोन आला. अभिजीतचा चेहरा सुजलेला दिसत होता. वार विचारला नाही त्यानं. एकदम म्हणाला, "आई, त्या हॉटेलात मी लोकायले खोटंच सांगतलं होतं, तुले आजार आहे म्हणून. तेव्हा तुले काहीच नव्हतं. माह्या तोंडानं लागलं तुले हे. माफ कर मले."

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. आता सांग, म्हणून. यापेक्षा चांगली वेळ देव देणार नव्हता. एक वाक्य बोलली असती, तर त्या पोराच्या छातीवरचा दगड उतरला असता आणि हिचं विमानाचं तिकीट निघालं असतं.

"कोणतं हॉटेल गा?" तिनं विचारलं.

तो रडायला लागला. फोन कट झाला.

मी तिच्यावर ओरडले. "तोंडाशी आलं होतं वं पंचफुला. काहून नाही बोलली? तुले सारं आठवते म्हणून सांगायचं होतं."

"सारं आठवते म्हटलं," ती म्हणाली, "तर त्यानं डोक्याले बोट लावलं तेही आठवते, हे त्याले समजते ना वं. माय विसरली म्हणून रडून राहिला, रडू दे. मायनं ऐकलं होतं म्हणून समजलं, तर माह्यासमोर कधी उभा राहीन का तो?"

तेवढ्यात रुख्माबाई पाण्याचा पेला आणि आठवण टिकायची गोळी घेऊन आली. "आजी, आ करा," ती मोठ्यानं म्हणाली. पंचफुलानं तोंड उघडलं.