मांडीखालचे हात

शिकवायला बसली की ती आधी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबायची. मग समोरच्याला म्हणायची, "कर तू. चुकू दे, मी आहे."

कामं शिकवणारी माणसं तुम्हीही बघितली असतील. समोरचा जरा अडखळला की हातातलं ओढून घेतात आणि स्वतः करून मोकळे होतात. मी त्यातलाच. हात तिचेही शिवशिवायचे, म्हणून तर दाबून ठेवायची.

ती म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. सगळा संसार 'अगं'वर झाला, आता ती गेल्यावर नाव काय घ्यायचं.

आम्ही दोघं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत. विजेची बटणं बनवायची कंपनी. मी फिटर, ती जोडणीच्या हॉलमध्ये. एका वर्षी कंपनीने अपंग पोरापोरींना कामावर घ्यायचं ठरवलं. प्रत्येक नव्या माणसासोबत एक जुनं माणूस द्यायचं, महिनाभर. मग साहेब ठरवणार, ठेवायचं की घरी पाठवायचं. बाकीच्या बायका मागे सरकल्या, ही पुढे झाली.

मी म्हटलं, "तुला कशाला नसती उठाठेव? गुडघे बघ आधी."

"बसूनच शिकवायचंय," म्हणाली.

आधी ऐकू न येणारा एक आला, मग पोलिओवाला एक. दोघे टिकले. मग रेश्मा आली. कोपरीची. जन्मापासून दिसत नाही. नोकरीसाठी ठाण्यात कुठे कुठे जाऊन आलेली.

"सगळे म्हणतात, बघून कळवतो," पहिल्याच दिवशी ती हिला म्हणाली. "आणि मावशी, प्रश्न माझ्याबद्दल, पण विचारतात आईला."

"आईला आपण गेटवर चहा पाजू," ही म्हणाली. "तू बोल."

रेश्माचं काम तपासणीचं. बटण दाबायचं आणि आवाज ऐकायचा. चांगलं बटण टक करून वाजतं, खराब असेल तर फुसकं. चांगलं उजव्या हाताच्या हिरव्या ट्रेमध्ये, खराब डाव्या हाताच्या लाल ट्रेमध्ये. पॅकिंगवाले रंग बघून उचलायचे, रेश्मा बाजू धरून टाकायची.

सुरुवातीला बटणं खाली पडायची. रेश्मा वाकून चाचपडायची. पलीकडची बाई उचलून द्यायला आली की ही ओरडायची, "बस खाली! तिला सापडतंय." मला ते कठोर वाटायचं. रेश्माला नाही वाटलं. एकदा ती हसून म्हणाली, "काका, मावशी आहेत म्हणून मला बिनधास्त पाडता येतं."

त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असा हिचा अख्ख्या हॉलला दम. मी एकदा तिथे माझा डबा टेकवला तर सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, उचला ते. घर नाही हे."

महिना संपत आला आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशीनं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. रेश्मा दुपारीच घरी गेलेली. तिचं टेबल बिनपूजेचं राहू नये म्हणून हिने स्वतः पुसलं. ट्रे धुतले, परत मांडले, माळ घातली.

दसऱ्याची सुट्टी संपली, काम सुरू झालं. जेवणानंतर साहेबांनी पॅक केलेला एक खोका सहज उघडला. आत सगळी खराब बटणं.

साहेब वाईट माणूस नव्हता. पण म्हणाला, "मावशी, दया करायला माझी ना नाही. हा माल बाहेर गेला असता तर? उद्यापासून तिला बोलावू नका."

रेश्मा उभी राहिली. तोंड उतरलेलं. "माझंच ऐकण्यात चुकलं असेल, मावशी."

मी मशीन दुरुस्त करायला तिथेच होतो. ही टेबलाकडे बघत होती. मग टेबलाला वळसा घालून रेश्माच्या समोरच्या बाजूला गेली, पूजेला उभी होती तिथे. आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, चूक माझी आहे. पूजा मी समोरून केली. ट्रे माझ्या उजव्या-डाव्याने मांडले. तिच्या बाजूने ते उलटे झाले."

"आता तिला वाचवायला बोलताय तुम्ही."

"मग लाल ट्रे तपासा. आत्ता."

साहेबाने स्वतः बटणं दाबली. टक. टक. टक. खराब म्हणून बाजूला पडलेलं एकूण एक बटण चांगलं होतं. रेश्माचा कान चुकलाच नव्हता. साहेब बराच वेळ दाबत राहिला. मग रेश्माला म्हणाला, "बस. काम कर." ती नोकरीत राहिली.

त्या दिवशी घरी येताना ही म्हणाली, "अहो, महिनाभर हात दाबून बसले. एक दिवस सोडले, तर बघा काय केलं." आणि रस्त्यातच रडली. नोकरी दुसऱ्याची वाचली, रडते कशाला, असं मी म्हणालो. मला तेवढंच बोलता येतं.

रेश्मा मग आमच्या घरचीच झाली. रविवारी यायची, दोघी ओट्यापाशी गप्पा मारायच्या. डबे कुठे, चाळणी कुठे, तिला माझ्याहून जास्त माहीत.

मग ही आजारी पडली. खाटेवरून मला म्हणायची, "अहो, चहा तरी शिका. पातेलं घ्या. चुकू दे, मी आहे." हात चादरीखाली दाबलेले. मी म्हणायचो, "तू बरी हो आणि तूच कर." थर्मास घेऊन खालच्या हॉटेलात जायचो. शिकलो तर ती जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलेलं. न शिकताही गेलीच.

डबे तिने ठेवले तिथेच आहेत. सूनबाई आवरायला निघाली होती, मी अंगावर गेलो.

रेश्मा आता त्याच हॉलमध्ये नव्या पोरींना शिकवते. परवा आली. म्हणाली, "काका, चहा करा."

"मला येत नाही."

"मला तरी काय येत होतं?" ओट्याजवळ स्टूल ओढून बसली. "साखर वरच्या फळीवर, भिंतीकडचा डबा. चहापत्ती त्याच्या पुढे. घ्या."

घेतलं. दूध ओतलं आणि बघत राहिलो, तरी उतू गेलं. शेगडी फसफसली. मी हातात फडकं घेऊन तसाच उभा.

"चुकू दे," रेश्मा म्हणाली.

पुढचं ती बोलली नाही. मी वाट बघितली.

मागे वळून बघितलं, तर पोरगी दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून बसली होती.