कॅमेऱ्यापुढचे मिस्त्री

बाळकुमच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बघणारे मिस्त्री भलतेच बोलके. साधा स्क्रू काढला तरी कुठला आणि कशासाठी, हे शेजारी उभ्या असलेल्याला सांगणार आणि प्रत्येक वाक्यानंतर "समजलं ना?" विचारणार.

कल्याणच्या एका इमारतीत लिफ्ट कोसळून वॉचमन दगावला. ती लिफ्टही हेच बघायचे, म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा यांच्यावर दाखल झाला. जामीन मिळाल्यावर ते आमच्याकडे कामाला आले, तर मागोमाग चॅनेलवाले गेटवर हजर.

मी सोसायटीची सेक्रेटरी. 'ब्रेक झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा' असं पत्र त्यांनी कल्याणच्या सेक्रेटरीला आधीच दिलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"त्या पत्राचं सांगून टाका ना," मी कुजबुजले. "आजच्या आज सुटाल."

"मी सुटेन हो मॅडम, पण तो सेक्रेटरी अडकेल. त्याची बाजू ऐकायच्या आधीच लोक त्याच्या घरावर जातील. माझ्या घरी आले तसेच. पत्र वकिलाकडे दिलंय. जज दोघांचं ऐकेल."

माइक पुढे आला. मिस्त्री म्हणाले, "एक माणूस गेलाय. जे सांगायचं ते कोर्टात सांगेन." आणि पिशवी उचलून ते कामाला निघून गेले.

रिपोर्टर माझ्याकडे वळली. "आरोपी माणसाला तुम्ही अजून काम देता?"

मागे आमचे सभासद उभे होते. त्यांतल्या निम्म्यांना मिस्त्री बदलायचे होते.

"हो. आमची लिफ्ट हेच बघतात," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.