सहा ओळींचा व्हिडिओ

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला सरावासाठी शिरूरजवळच्या एका वस्तीवरची शाळा मिळाली. आई जाऊन दोन महिने झाले होते. दौंडहून सकाळच्या एसटीनं जायचं, शिकवायचं, परत यायचं. घरी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे शाळेतला गलका मला बरा वाटे.

चौथीत एक मुलगी होती. कविता तोंडपाठ म्हणायची, पण पुस्तक समोर आलं की तिचा आवाज बंद व्हायचा. मी रोज मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसू लागले. आधी अक्षरं, मग शब्द. तीन आठवड्यांनी एका दुपारी तिनं सहा ओळी वाचल्या. बोटानं ओळ धरून, प्रत्येक जोडाक्षरापाशी अडत, पण स्वतः वाचल्या. कॉलेजच्या फाइलला पुरावा लागतो म्हणून मी मोबाइल समोर धरला होता. संध्याकाळी तो व्हिडिओ मी पालकांच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, ‘खूप छान प्रगती.’ आईनंतर पहिल्यांदाच माझ्या हातून काही चांगलं घडलं होतं आणि ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

पुढचे दोन दिवस मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रांजणगावला कारखान्यात कामाला होते. पाळी संपवून तसेच आलेले, अंगात कंपनीचा शर्ट.

“मॅडम, त्यो व्हिडिओ तुम्ही टाकला व्हय?”

“हो. छान वाचलं तिनं.”

“आमच्या बसमधी एकाचं पोरगं हितंच शिकतंय. त्यानं लावला समद्यांपुढं. म्हणले, पोरीची गाडी पयल्या गेरवरनं निघंना की रं! मी बी हसलो त्यांच्यासंगं. काय करणार? पर वस्तीवरची पोरं आता तिच्यावानी थांबून थांबून बोलत्यात आन् पळून जात्यात. ती म्हणती, मॅडमनीच दाखवलं समद्यांना. काढून टाका तेवढं.”

अगदी हेच मी एका नातेवाइकाला म्हणाले होते. त्यानं दवाखान्यातला आईचा फोटो, नाकात नळी असलेला, भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. दारात दूधवाला आला तरी आधी केस सारखे करणारी माझी आई. त्यानं काळजीपोटी टाकला होता, मी कौतुकापोटी.

मुख्याध्यापकांसमोर मी शाळेनं जूनमध्ये पालकांकडून भरून घेतलेलं फोटो-व्हिडिओचं संमतीपत्र ठेवलं. त्यांनी ते वाचलं, परत माझ्याकडे सरकवलं.

“ही सही बापाची. पोरीला विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं. व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो किती फोनांत उतरला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मी तिच्या घरी गेले आणि चूक माझी होती, असं तिला सांगितलं. ती धाकट्या बहिणीची वेणी घालत होती. तिनं मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

मधल्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन बसले. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“फोन कुठंय?”

“ऑफिसात, कपाटात.”

तरी मी पिशवी उपडी करून दाखवली. डबा, टाचणवही, पेन. मग तिनं पुस्तक उघडलं. बोट ओळींवरून पानाच्या तळापर्यंत सरकलं. ओठ मिटलेलेच.

“वाचलं,” ती म्हणाली. “मनात.”

उरलेले दिवस असेच गेले. माझ्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले.

“येतं का हो हिला वाचायला?”

“येतं,” मी म्हणाले.

“मग दाखव बाळ वाचून.”

ती उभी राहिली. पुस्तक छातीशी धरलं, मग समोर धरलं. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच हसलं. तिचं बोट पहिल्या ओळीवर टेकलं, पण ओठ उघडले नाहीत. शेवटी मीच तिला खाली बसायला सांगितलं.